सिहोऱ्याचा 'एक दिवस' : फुरसत नेमकी कोणाची?



विषय कळल्यावर काहींनी मला आधीच अडवून विचारलं, सिहोऱ्यावर समीक्षा म्हणजे काय करणार? गाव म्हणजे काय कादंबरी आहे? गाव कादंबरी नाही, कबूल. पण गावावर मजकूर लिहिला जातो, आणि मजकूर आला की त्याची तपासणी करायला समीक्षेने यायलाच पाहिजे. आज मराठीत सर्वांत जास्त वाचला जाणारा गद्यप्रकार कथा नाही, कविता तर नाहीच. माझ्या मते तो आहे 'एक दिवसाची सहल'. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत, पर्यटनाच्या पत्रकात, मोबाईलवरच्या व्हिडिओखाली, सगळीकडे हाच प्रकार. आणि गंमत अशी की या प्रकाराकडे साहित्य म्हणून कोणी बघत नाही, त्यामुळे त्याचे दोषही कोणी दाखवत नाही. आज तेवढंच करायचंय.

सिहोरा परिसराचा असा एक दिवस कसा लिहितात, ते तुम्हाला पाठ असेल. सकाळी तुमसरहून बपेऱ्याच्या रस्त्याने निघायचं. चांदपूरला मारुतीचं दर्शन. मग जलाशय, त्याला विशेषणं ठरलेली: विस्तीर्ण, निळंशार, नयनरम्य. डबा खायचा. दुपारी मागे फिरून आंबागडचा किल्ला, 'इतिहासाची साक्ष देत उभा असलेला'. किल्ला कधी आडवा पडलेला असत नाही, तो नेहमी साक्ष देत उभाच असतो! मग गायमुख, झऱ्याचं थंड पाणी, मावळता सूर्य, आणि शेवटचं वाक्य: 'एकदा तरी अवश्य भेट द्या.' झाला दिवस.

यात खोटं काय आहे? काहीच नाही. चांदपूर सुंदर आहे, गायमुखचं पाणी थंड आहे. माझी तक्रार खोटेपणाची नाहीच. माझी तक्रार अशी की हा दिवस कुठल्या वारी येतो, कुठल्या महिन्यात येतो, ते कळत नाही. त्यात हवामान असतं, पण हंगाम नसतो. माणसं असतात, पण ती रस्ता सांगण्यापुरती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा सगळा मजकूर फुरसतीबद्दल आहे, रमतगमत फिरण्याबद्दल आहे, पण फुरसत फक्त येणाऱ्याला आहे. इथे राहणाऱ्याला फुरसत कधी मिळते, मिळाली तर तो तिचं काय करतो, हा प्रश्न त्या मजकुरात उगवतच नाही. संस्कृती बघायला निघालेल्या माणसाने हाच प्रश्न आधी विचारायला नको का? कारण लोकांची संस्कृती म्हणजे पुष्कळ अंशी लोकांनी आपल्या फुरसतीचं केलेलं काहीतरी असतं.

हा साचा आला कुठून ते थोडक्यात बघू. जुन्या मराठीत प्रवास ही फुरसतीची गोष्ट नव्हती. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते कर्ज फेडायला, दक्षिणा मिळवायला. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये म्हणूनच पैसा, जेवण, मुक्काम, भीती हे सगळं पानोपानी आहे. पुढे पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई', 'पूर्वरंग'पासून मध्यमवर्गाचा प्रवास म्हणजे आनंदयात्रा झाली. त्यात वाईट काही नव्हतं, पुलंचं लक्ष माणसांवर होतं. नंतरच्यांनी पुलंचा आनंद घेतला आणि माणसं गाळली. बाकी उरलं ते आजचं पत्रक.

दुसरा पूर्वज आहे गॅझेटियर. भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलं, १९०८ साली. साहेबाची नजर महसुलाची होती. कोणती जात काय पिकवते, कुठल्या तलावावर किती ओलीत, कोणता रस्ता पावसाळ्यात बंद. त्या नजरेत प्रेम नव्हतं, आणि इथल्या लोकांना जातींच्या कप्प्यांत बसवण्याचं जे काम रसेल यांनी पुढे हिरालाल यांच्याबरोबर १९१६च्या ग्रंथात केलं, त्याचे परिणाम आपण अजून भोगतो. त्याकडे मी पुढे येणारच आहे. पण एक सांगतो. गॅझेटियर गावाची नोंद करताना आठवडी बाजाराचा वार लिहितं. आजचा सहलीचा लेख लिहीत नाही. साहेबाला कर पाहिजे होता म्हणून का होईना, गावातले लोक कधी एकत्र येतात हे त्याला माहीत करून घ्यावं लागलं. आपल्या पर्यटकाला तेवढीही गरज वाटत नाही.

आता एकेक ठिकाण घेऊन बघू या.

चांदपूर. सिहोरा परिसर म्हणजे बावनथडी आणि वैनगंगा या दोन नद्यांमधला धानाचा मुलूख. चांदपूरचा जलाशय त्या धानासाठी आहे. सोंड्याटोल्याला बावनथडीचं पाणी पंपाने उचलतात आणि चांदपूरच्या जलाशयात टाकतात. पऱ्हे टाकले आणि पावसाने दडी मारली, की या भागात एकच चौकशी सुरू होते: पंप चालू आहेत का, आणि नहराला पाणी कधी सोडणार. शेतकरी त्या जलाशयाकडे बघतो तेव्हा त्याला निळा रंग दिसत नाही, पातळी दिसते. गाळाच्या कोणत्या रेषेपर्यंत पाणी आहे ते तो बघतो आणि घरी जाऊन सांगतो, उन्हाळी धान लावायचं की नाही. आता मला सांगा, यातलं जास्त सुंदर वर्णन कोणतं? जलाशय निळा आहे हे, की जलाशय वाचता येतो हे? मी म्हणेन दुसरं. कारण पहिलं वाक्य कुठल्याही तलावाला लागू पडतं. आणि याच ठिकाणाला आता आपणच 'ग्रीन व्हॅली' म्हणतो. हिरवी दरी म्हणायलाही आपल्याला लाज वाटली, आणि खरं तर दरी म्हणण्याचीही गरज नव्हती. चांदपूर म्हटलं की या भागातल्या कोणाला नहर आठवत नाही? नाव बदललं की जागेचा मालक बदलतो, हे साधं आहे. 'चांदपूर' हे नाव शेतकऱ्याचं, 'ग्रीन व्हॅली' हे रविवारी गाडी घेऊन येणाऱ्याचं.

आंबागडबद्दल फार बोलत नाही. देवगडच्या बख्त बुलंदच्या काळात, सतराव्या-अठराव्या शतकाच्या सांध्यावर, त्याच्या राजखान पठाण नावाच्या सरदाराने तो बांधला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. म्हणजे गोंड राजा, पठाण किल्लेदार, मराठा तुरुंगाधिकारी, असा हा तीन घराण्यांचा किल्ला. सहलीच्या लेखात तो 'ऐतिहासिक' या एका शब्दात उरकतात, कारण खुलासा करायला गेलं तर गोंड राज्याबद्दल दोन परिच्छेद लिहावे लागतील, आणि ते कोणाला येत नाहीत. गायमुखचंही तेच. महाशिवरात्रीला तिथे जी यात्रा भरते तेव्हा या डोंगराला आवाज असतो. इतर दिवशी लेखकाला शांतता मिळते आणि तो शांततेला 'गायमुख' म्हणतो.

पण खरी गंमत त्या यादीत काय नाही, यात आहे. तुमसर तालुक्यातलं सगळ्यात अचाट दृश्य कोणतं? माझ्या मते डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची खाण. उघडी खाण आहे. डोंगर पायऱ्या पायऱ्यांनी कापत खाली नेलाय, तळाशी ट्रक काडेपेटीएवढा दिसतो, आणि माती काळी-जांभळी. त्याच तालुक्यात चिखल्याची खाण जमिनीखाली आहे. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा या खनिजासाठी टाकला गेला. डोंगरी बुजुर्गच्या खनिजातलं मॅंगनीज डायऑक्साईड कोरड्या सेलसाठी वापरतात. म्हणजे तुमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळात जो सेल आहे त्यात या तालुक्याचा डोंगर असू शकतो. आता हे प्रेक्षणीय का नाही? परवानगी लागते, धूळ असते, ही कारणं आहेतच. पण परवानगी न लागणारा रस्ता, तिथून जाणारे ट्रक, पाळी संपवून सायकलवर घरी जाणारी माणसं, हेही कधी त्या वर्णनात येत नाही. या साच्याचा एक अलिखित नियम आहे: जिथे काम दिसेल तिथे कॅमेरा वळवा. धानाची रोवणी तेवढी अपवाद, कारण ती लांबून हिरवी दिसते. चिखलात दिवसभर वाकलेल्या बाईची पाठ लांबून दिसत नाही.

एक आक्षेप मला माहीत आहे. कोणी म्हणेल, अहो, माणूस रविवारी विरंगुळ्याला निघतो, त्याला खाण आणि पाठदुखी कशाला दाखवता? मान्य. मी दुःख दाखवा म्हणत नाही. मी म्हणतो इथला विरंगुळा तरी दाखवा. तो आहे, भरपूर आहे. पण तो सकाळी दहा ते संध्याकाळी सहामध्ये बसत नाही.

तुम्हाला वेगळं सांगायला नको, मी मंडईबद्दल बोलतोय. पण हे भाषण पुढे पुण्या-मुंबईचेही लोक वाचतील, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. पुण्यात मंडई म्हणजे भाजीबाजार. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया आणि पुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, मंडई म्हणजे दिवाळीनंतरचा गावाचा उत्सव. बलिप्रतिपदेला गायगोधन होतं, भाऊबीज होते, आणि मग गावोगावच्या मंडया सुरू होतात. आज या गावाची, उद्या त्या गावाची, अशा काही आठवडे चालतात. एका गावाची मंडई शेजारच्या गावाच्या मंडईवर पडू नये याची काळजी घेतात, कारण पाहुणे तेच असतात आणि दुकानदारही तेच.

आता हंगाम बघा. हलकं धान दिवाळीच्या सुमाराला कापून होतं. भारी धान अजून बांधीत उभं असतं, ते पुढे कापायचं, पुंजणे घालायचे, मग चुरणं. या दोन कापण्यांच्या मध्ये जी फट आहे, त्या फटीत मंडई बसते. हातात हलक्या धानाचे थोडे पैसे आलेले, अंगात थोडी उसंत, आणि पुढचं काम दारात. ही इथली फुरसत. ती कॅलेंडरने दिलेली नाही, कुठल्या कंपनीने सुटी म्हणून दिलेली नाही, ती पिकाने दिलेली आहे. म्हणून मी म्हणतो, सिहोऱ्याचा एक रमतगमत दिवस लिहायचाच असेल तर तो मंडईचा दिवस लिहा. तो दिवस फुरसतीचाच आहे, फक्त ती फुरसत गावाची आहे.

त्या दिवशी काय असतं? लेकी-जावई आलेले असतात. बहिणी आलेल्या असतात. सोयरिकीच्या गोष्टी निघतात, ज्याच्या घरी पोरगी उपवर आहे त्याच्या घरी त्या दिवशी जास्त चहा होतो. दुपारी बाजार भरतो. जिलेबी, शेव-चिवडा, ऊस, बांगड्या, फुगे, आणि तलावातले शिंगाडे विकणाऱ्या ढिवर बाया. गोवारी मंडळी मोरपिसांनी सजवलेली ढाल घेऊन येतात आणि नाचतात. आणि रात्री खरं सुरू होतं: दंडार, खडी गंमत, किंवा मोठ्या गावात वडशाहून आलेलं झाडीपट्टीचं नाटक. रात्री दहाला पडदा वर गेला की पहाटेपर्यंत. या नाटकाचा हंगाम दिवाळीला सुरू होऊन होळीपर्यंत चालतो. त्या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांनी 'झाडीपट्टी म्हणजे काय' अशी चौकट छापली. तोवर तिथे अनेकांना माहीतच नव्हतं की मराठीत तिकीट काढून रात्रभर बघितलं जाणारं एवढं मोठं नाटक अजून चालतं.

नाटक रात्रभर का? नाट्यसमीक्षक याचं उत्तर पात्रं, पदं, लांबलचक संवाद यांत शोधतात. मला सोपं उत्तर पटतं. पाहुणा खाचराने, पुढे सायकलने आलेला. रात्री परत जाणार कसा? एवढ्या पाहुण्यांना अंथरूण पुरणार कसं? तर नाटक पहाटेपर्यंत चालवा, मग सगळे उजेडात जातील. कलेचा आकार हा असा घरातल्या अंथरुणांच्या संख्येवरून ठरतो. आणि आता बघा, सांस्कृतिक महोत्सवात 'लोककला दर्शन' या नावाखाली हीच खडी गंमत वीस मिनिटांत आटपायला लावतात. गण झाला, गवळण अर्धी झाली, की निवेदिका 'जोरदार टाळ्या' म्हणते. खडी गंमत म्हणजे उभ्याने केलेली गंमत, सगळी मंडळी उभी, आणि शाहिराचं कसब असतं ते समोरच्या गावाला हळूहळू ओळखण्यात. कोण सरपंच, कोणाचं कोणाशी वाकडं, कोणाच्या घरी यंदा काय झालं, हे त्याला घासाघासाने कळत जातं आणि मध्यरात्रीनंतर तो ते गंमतीत ओवायला लागतो. वीस मिनिटांत त्याला माईकची उंची कळते, गाव कळत नाही. जे दाखवलं जातं ते खडी गंमतीचे कपडे असतात. हे बघून 'लोककला लोप पावत आहे' असा निष्कर्ष काढणाऱ्या समीक्षकांबद्दल मला काही म्हणायचं नाही. बरोबर मंडईला बसा, मग बोला.

आता गोवाऱ्यांच्या नाचाबद्दल, कारण तो सगळ्या छायाचित्रांत असतो. मोरपिसं, कवड्या, डफ, रंगीत फेटे. छायाचित्राखाली 'विदर्भाची रंगीबेरंगी परंपरा'. ज्याला हे लिहावंसं वाटतं त्याला एक तारीख माहीत पाहिजे. २३ नोव्हेंबर १९९४. त्या वर्षी दिवाळी ३ नोव्हेंबरला झाली होती, म्हणजे हे दिवस मंडयांचेच. गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी नागपूरला हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली. बायका, लेकरं होती त्यात. गॅझेटियरच्या काळात आणि १९१६च्या त्या ग्रंथात लोकांचे जे कप्पे पाडले गेले, त्यातल्या 'गोंड गोवारी' या दोन शब्दांमध्ये रेघ द्यायची की नाही यावर पुढे कोर्टात वर्षानुवर्षं वाद झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नाचणाऱ्यांच्या घरी ही गोष्ट माहीत नाही असं घर सापडणार नाही.

मी असं म्हणत नाही की मंडईच्या नाचाखाली हा सगळा इतिहास छापा. नाच आनंदाचा आहे, आनंद म्हणूनच बघा. पण 'रंगीबेरंगी' लिहू नका. कारण 'रंगीबेरंगी' हा शब्द सांगतो की मला तुझे रंग दिसले आणि बाकीचं बघायची मला गरज नाही. तुम्ही नुसतं एवढं लिहिलंत की नाचणारे हे गुराखी आहेत, वर्षभर गावाची गुरं राखतात, गोधनाच्या दिवशी गाईंना पुढे घेऊन येतात आणि ही ढाल त्यांच्या देवाची आहे, तरी बास झालं. म्हणजे नाच हा कामातून आलाय हे वाचणाऱ्याला कळेल.

भाषेबद्दलही बोललं पाहिजे. सहलीच्या लेखात गावकरी बोलतो तेव्हा दोनच शक्यता असतात. एक तर तो पुस्तकी मराठी बोलतो, नाहीतर विनोदी वऱ्हाडी. वर्ध्याच्या पूर्वेला कोणीही तोंड उघडलं की त्याच्या तोंडी 'काहून बे' घालायची पुणेरी सवय आहे. वऱ्हाडी अमरावती-अकोल्याकडची. इथे झाडीबोली आहे, जिच्यात 'पाणी'चं 'पानी' होतं कारण तिला 'ण' लागतच नाही. आणि सिहोरा भागात तर घराघरांत पोवारी आहे. माणूस घरी पोवारी बोलतो, शाळेत आणि ग्रामपंचायतीत मराठी, आणि नदीपलीकडे बालाघाटच्या बाजाराला गेला की हिंदी. एका दिवसात तीन भाषा, आणि तीनही बदलताना त्याला आपण काही विशेष करतोय असं वाटत नाही. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर आणि दंडारीवर आयुष्यभर काम केलं म्हणून निदान अभ्यासकांच्या जगात तिला नाव मिळालं. पर्यटनाच्या मजकुराला त्याचा पत्ता नाही. मी तर म्हणतो, बाहेरून येणाऱ्याला सिहोऱ्यात एकच प्रेक्षणीय गोष्ट दाखवायची असेल तर आठवडी बाजारात एका दुकानासमोर अर्धा तास उभं करा आणि गिऱ्हाईक बदललं की दुकानदाराची भाषा कशी बदलते ते ऐकवा. तिकीट नाही, पार्किंग नाही.

नदीचा विषय निघालाच आहे तर तांदळाचं सांगतो. चिन्नोर, आपला सुवासिक तांदूळ. भौगोलिक मानांकनाचं प्रमाणपत्र २०२१ साली बालाघाट चिन्नोरला मिळालं आणि २०२३ साली भंडारा चिन्नोरला. बावनथडीच्या दोन काठांना दोन शिक्के. नकाशा राज्याची हद्द बघतो, धान बघत नाही. सहलीच्या लेखात 'स्थानिक चव' या परिच्छेदात हा तांदूळ असायला हवा, तिथे झुणका-भाकर असते. ज्वारीचं पीठ जिथे मुख्य नाही, जिथे दोन्ही वेळा भात खातात, तिथे महाराष्ट्राचा पर्यटक झुणका-भाकर मागतो आणि हॉटेलवाला बिचारा करून देतो!

आता तुम्ही म्हणाल, सगळंच वाईट सांगताय, चांगलं लिहिलेलं काही आहे का? आहे. आणि या जिल्ह्यावरच आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा'. आज नागझिरा गोंदिया जिल्ह्याकडे गेलं, पण गोंदिया जिल्हा १९९९ला झाला, माडगूळकर आले तेव्हा हा सगळा भंडारा जिल्हाच. त्या छोट्या पुस्तकात प्रेक्षणीय स्थळांची यादी नाही. माणूस एका जंगलात जाऊन राहतो, पाणवठ्याजवळ बसतो, आणि काय येतं ते बघतो. बरेचदा काहीच येत नाही. तेही तो लिहितो. वाघ दिसला नाही म्हणून पान रिकामं सोडत नाही. माडगूळकर माणदेशचे, माळरानाचे. या ओल्या, दाट मुलखात ते परके होते, आणि परकेपणा त्यांनी लपवला नाही. मला त्या पुस्तकाची मर्यादाही दिसते. त्याचा विषय जंगल आहे, जंगलाभोवतीची गावं नाहीत. पण पद्धत बरोबर आहे: पाच ठिकाणं धावत बघण्यापेक्षा एका पाण्याजवळ थांबणं. तीच पद्धत कोणी चांदपूरच्या नहराला लावली असती, पाणी सुटायच्या दिवशी, तर मराठीत एक चांगलं पुस्तक झालं असतं. मारुती चितमपल्लींनीही नवेगाव बांधच्या काळात असंच केलं. त्यांना पक्षी जसे कळले तसे पक्ष्यांची नावं सांगणारे लोकही कळले. त्यांच्या लेखनात ज्या स्थानिक नावांनी पक्षी येतात ती नावं कोणीतरी त्यांना दिलेली आहेत. ही देवाणघेवाण एका दिवसात होत नाही, मला मान्य आहे. पण एका दिवसात एक नाव तरी होतं. एका झाडाचं, एका माशाचं, बांधीच्या एका भागाचं नाव. नुसतं तेवढं घेऊन परत जा आणि तेवढ्यावर लिहा.

शेवटी इथल्या तरुण मंडळींना एक सांगायचंय, कारण तुमच्यापैकी पुष्कळजण व्हिडिओ करता, मी बघितलेत. तुमचा कॅमेरा चांगला आहे, ड्रोनने चांदपूर वरून दाखवलंत ते अप्रतिम आहे. पण निवेदन ऐकलं की नागपूरचा माणूस बोलतोय असं वाटतं. 'निसर्गाच्या सान्निध्यात', 'शहराच्या गजबजाटापासून दूर'. अरे, तुम्ही कुठल्या शहराच्या गजबजाटात राहता? तुम्ही पाहुण्याच्या डोळ्यांनी स्वतःचं घर बघायला लागलात. यात तुमचा दोष थोडा आहे, साचा इतका तयार मिळतो की माणूस त्यात बसतोच. पण मंडईच्या दिवशी तुम्ही घरी कॅमेरा ठेवून देता, कारण तुम्हाला वाटतं यात दाखवण्यासारखं काय, पाहुणे आलेत, कामं आहेत. तेच काढा. मंडईच्या आधीच्या संध्याकाळी आई कोणाकडून चादरी मागून आणते ते काढा. निवेदन पोवारीत करा, खाली मराठी अक्षरं द्या. लोकांना कळतं. शंकरपटाचं बघा, २०१४च्या बंदीनंतर आणि २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत त्यावर किती बोललं गेलं, बाजूने, विरोधात. पण पटाच्या आदल्या रात्री गोठ्यात बसलेला माणूस बैलाशी काय बोलतो, हे कोणी टिपलं? जो टिपू शकत होता तो बाहेर थांबून म्हणत होता, यात काय दाखवायचं.

पुढची दिवाळी झाली की सिहोरा परिसरातल्या मंडयांच्या तारखा ठरतील. त्यांतली एक घ्या, कुठल्याही टोल्याची घ्या, लहान असली तर जास्त चांगलं. दुपारी दोनला लिहायला सुरुवात करा आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे निघून भारी धानाच्या कापणीला माणसं बांधीत उतरेपर्यंत थांबू नका. मला पाठवा, मी वाचीन.

आता प्रश्न घेऊ. मागे त्या बाईंचा हात केव्हाचा वर आहे, त्यांना आधी माईक द्या.